दोन सिलिंडर, दोन सायलेन्सर : बदलण्यापूर्वीचा हिशोब

व्यापारी घरात खर्चाचा प्रश्न पूर्वी गल्ल्यापाशीच सुटत असे. मुलाने मागावे, वडिलांनी चष्म्यावरून पाहावे आणि 'कशासाठी?' एवढ्या एका शब्दात निम्म्या मागण्या निकालात निघाव्यात, अशी ती रीत होती. आजच्या काही मागण्या मात्र त्या एका शब्दाला दाद देत नाहीत. साडेसहाशे सीसीची, दोन सिलिंडरची मोटारसायकल घरी येऊन तीन महिने होत नाहीत तोच मुलगा म्हणतो, "पप्पा, सायलेन्सर बदलायचा आहे." गाडी नवी, सायलेन्सर नवा, त्यावर साधा ओरखडाही नाही; मग तो बदलायचा कशासाठी? मुलगा तीन कारणे सांगतो : ताकद वाढते, वजन घटते आणि आवाज भारी येतो. त्यांतले खरे किती आणि विकणाऱ्याचे बोलणे किती, हे वडिलांना ठाऊक नसते. ते रागाने 'नाही' म्हणतात किंवा लाडाने 'हो' म्हणतात. दोन्ही उत्तरे हिशोब न मांडताच दिलेली असतात.

हा हिशोब मांडण्यासाठी रॉयल एनफिल्डची इंटरसेप्टर ६५० ही गाडी समोर ठेवणे सोयीचे आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये ती भारतात आली, तेव्हा तिची शोरूममधील किंमत अडीच लाख रुपये होती. दोन सिलिंडरची गाडी इतक्या किमतीत मिळू लागल्यामुळे, जी हौस मोठ्या शहरांतील मोजक्या श्रीमंतांपुरती होती ती तालुक्याच्या बाजारपेठेपर्यंत पोहोचली. कॉन्टिनेंटल जीटी ही तिची जुळी बहीण. इंजिन ६४८ सीसीचे, ताकद ४७ अश्वशक्ती, टॉर्क म्हणजे चाक फिरवणारा जोर सुमारे ५२ न्यूटन-मीटर. दोन सिलिंडरांतून दोन बेंडपाइप निघतात, इंजिनाच्या खाली एका आडव्या नळीने ते एकमेकांना जोडलेले असतात आणि मागे डावीकडे एक, उजवीकडे एक असे दोन लांब, चकचकीत सायलेन्सर असतात.

या इंजिनाच्या आवाजाविषयी दोन शब्द आवश्यक आहेत, कारण पुढचा सारा खर्च त्यासाठीच होत असतो. जुन्या इंग्लिश दोन सिलिंडरी गाड्यांत दोन्ही पिस्टन एकत्र वर-खाली होत आणि स्फोट समान अंतराने होत, त्यामुळे आवाज सलग घुमत असे. इंटरसेप्टरमध्ये क्रँक २७० अंशांवर बसवलेला आहे. एका सिलिंडरातील स्फोटानंतर दुसरा २७० अंशांनी होतो, आणि मग पुढच्यासाठी ४५० अंश थांबावे लागते. तबल्यावर दोन थापा जवळजवळ आणि मग किंचित विश्रांती, तसा हा ठेका आहे. मूळ सायलेन्सर हा ठेका पुसत नाही, फक्त तो हळू आवाजात ऐकवतो. तरुणांना तो मोठ्याने ऐकायचा असतो. मागणीचे खरे कारण बहुतेक वेळा एवढेच असते. ताकद आणि वजन ही त्याला जोडलेली पुरवणी असते.

वडिलांच्या मनातील समजुतीचाही येथे विचार करावा लागतो. ज्यांनी तारुण्यात येझदी चालवली, आरएक्स १०० वर कॉलेज गाठले किंवा कुणा मित्राची राजदूत ३५० पाहिली, त्यांना 'सायलेन्सर बदलला की गाडी पळते' हे वाक्य खोटे वाटत नाही. त्यांच्या काळात ते खोटे नव्हतेही. त्या गाड्या टू-स्ट्रोक होत्या. टू-स्ट्रोक इंजिनात जळका वायू बाहेर पडताना काही ताजे मिश्रणही त्याच्याबरोबर निसटते. धुराच्या नळीचा फुगीर आणि मग निमुळता होत जाणारा आकार दाबाची लाट परत उलटवतो आणि ते निसटलेले मिश्रण पुन्हा सिलिंडरात ढकलतो. म्हणजे तेथे नळीचा आकार हाच इंजिनाचा एक भाग होता. (येझदीला एकच सिलिंडर असून सायलेन्सर दोन होते, ही गंमत जुन्या मंडळींना आठवत असेल.) फोर-स्ट्रोक इंजिनात झडपा हे काम सांभाळतात. नळीचा परिणाम तेथेही होतो, परंतु तो पुष्कळच मर्यादित असतो. बापलेकांच्या चर्चेत टू-स्ट्रोकचा अनुभव फोर-स्ट्रोकच्या गाडीला लावला जातो आणि दोघेही एकाच चुकीवर एकमत होतात.

बाजारात मिळते काय?

बदलीचे जे सामान मिळते त्याचे ढोबळ मानाने तीन प्रकार पडतात. पहिला 'स्लिप-ऑन'. यात बेंडपाइप मूळचेच राहतात आणि केवळ मागचे दोन सायलेन्सर बदलतात. क्लॅम्प सैल करायचा, जुना ओढून काढायचा, नवा सरकवायचा; जाणता मेकॅनिक तासाभरात हे काम करतो. या गाडीत धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बेंडपाइपच्या बाजूला असतो, मागच्या सायलेन्सरात नाही. त्यामुळे स्लिप-ऑन बसवला तरी तो जागेवर राहतो आणि प्राणवायू मोजणारे सेन्सरही हलत नाहीत. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात असलेल्या आणि १९५८ पासून मोटारसायकलींच्या सुट्या भागांत नाव कमावलेल्या एस अँड एस सायकल या कंपनीनेही या गाडीसाठी असे स्लिप-ऑन बाजारात आणले. आपल्याकडेही अनेक लहान-मोठे कारखाने ते बनवतात. देशी जोडी काही हजारांत येते; परदेशी जोडीची किंमत आयात कर धरून तिच्या कित्येक पट होते.

दुसरा प्रकार 'फुल सिस्टीम', म्हणजे इंजिनापासून शेवटापर्यंत सगळेच नवे, मात्र रचना मूळचीच. तिसरा 'टू-इन-टू-वन' अथवा नुसते 'दोनातून एक' : दोन्ही बेंडपाइप खाली एकत्र येतात आणि एकाच बाजूस एकच सायलेन्सर राहतो. वजन सर्वांत जास्त येथेच घटते, कारण एक अख्खा सायलेन्सर नाहीसा होतो. पण या दोन्ही प्रकारांत मूळचे बेंडपाइप निघतात आणि त्यांच्याबरोबर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही निघतो. प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा मौल्यवान धातूंचा थर असलेला हा भाग कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांना निरुपद्रवी करतो. तो काढणे म्हणजे काय, याचे उत्तर पीयूसीच्या कागदावर पुढे मिळते.

'दोनातून एक' या रचनेने खरोखर काय साधते, याचा निर्वाळा देणारा एक उत्तम पुरावा उपलब्ध आहे, आणि तो खुद्द उत्पादकाकडून आलेला आहे. २०२४ च्या नोव्हेंबरात रॉयल एनफिल्डने इंटरसेप्टर बेअर ६५० ही गाडी आणली. इंजिन तेच ६४८ सीसीचे. पण धुराची वाट मात्र कारखान्यातूनच दोनातून एक. आकडे पाहावेत : अश्वशक्ती ४७ ची ४७ च राहिली. टॉर्क ५२ वरून ५६.५ न्यूटन-मीटरवर गेला, म्हणजे शेकडा आठच्या आसपास वाढला. ज्यांच्याकडे प्रयोगशाळा आहे, अभियंते आहेत, इंधनाचा नकाशा नव्याने लिहिण्याची सोय आहे, त्यांनी सर्व काही जुळवून घेतल्यावर मिळालेले हे फळ आहे. चढावर, ओव्हरटेकच्या वेळी ही वाढ जाणवेल. कमाल ताकदीत मात्र तिने एका अश्वाचीही भर घातली नाही. मग गॅरेजमध्ये दुपारच्या वेळात नळी बदलून 'पाच-सात घोडे वाढतील' असे जेव्हा सांगितले जाते, तेव्हा त्या घोड्यांची पावती मागण्याचा हक्क गिऱ्हाइकाला आहे. केवळ स्लिप-ऑनने फार तर एक-दोन अश्वशक्तीचा फरक पडतो. ४७ मध्ये दोन म्हणजे शेकडा चार. पोटभर जेवलेला मित्र मागच्या सीटवर बसला की तो फरक संपतो.

इंधनाचा नकाशा हा शब्द वर आला. कार्ब्युरेटरच्या काळात जेट बदलून काम भागत असे. आता किती हवेला किती पेट्रोल द्यायचे हे संगणक ठरवतो. सरळ, संथ चालीत तो सेन्सरचे ऐकून मिश्रण सुधारून घेतो. परंतु मूठ पूर्ण पिळली की आधीच लिहून ठेवलेल्या तक्त्याप्रमाणे पेट्रोल सोडतो. नळी जास्त मोकळी केली आणि तक्ता जुनाच राहिला तर मिश्रणात पेट्रोल कमी पडते, इंजिन अधिक तापते. म्हणून फुल सिस्टीमबरोबर तक्ता बदलणारे वेगळे उपकरण घ्यावे लागते. त्याचा खर्च पहिल्या अंदाजपत्रकात बहुधा नसतो. तो दुसऱ्या महिन्यात उगवतो. गाडीची मूठ सोडल्यावर मागून फाट-फाट असे जे फटाके वाजतात, त्यांना तरुण मंडळी शान समजतात. पुष्कळदा तो निव्वळ सैल सांधा असतो : क्लॅम्पमधून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि नळीत शिल्लक राहिलेले न जळलेले पेट्रोल तेथेच पेटते.

धातूंविषयी थोडक्यात. साध्या लोखंडावर क्रोम चढवलेला सायलेन्सर स्वस्त असतो, पण कोकणच्या दमट हवेत दोन पावसाळ्यांत सांध्यापाशी गंज दाखवतो. स्टेनलेस स्टीलचा, त्यातही ३०४ दर्जाचा, टिकतो. उष्णतेने त्यावर सोनेरी-निळी झाक येते, तो दोष नव्हे. टायटॅनियम सर्वांत हलके आणि सर्वांत महाग. दोनशे किलोंहून जड गाडीचे काही किलो वजन घटवण्यासाठी टायटॅनियमची किंमत मोजणे हा शर्यतीच्या मैदानावरचा व्यवहार आहे, बाजारपेठेतून गोदामापर्यंत जाणाऱ्याचा नव्हे. बाहेरून मात्र झाळकाम पाहून घ्यावे. सांध्याची रेघ एकसारखी, नाण्यांवर नाणी सरकवल्यासारखी असेल तर कारागीर चांगला. ढेकळे दिसली तर पैसे परत खिशात ठेवावेत.

आवाजाचे गणित

मूळ सायलेन्सरात लहान-लहान कप्पे असतात. वायू एका कप्प्यातून दुसऱ्यात वळसे घेत जातो आणि आवाजाची लाट स्वतःशीच आदळून क्षीण होते. बदलीच्या बहुतेक सायलेन्सरांत सरळ आरपार भोकाभोकांची नळी असते आणि तिच्याभोवती काचेच्या तंतूंची लोकर भरलेली असते. ही लोकर बारीक, तीक्ष्ण स्वर शोषून घेते, जाड स्वर मात्र बाहेर सोडते. म्हणून आवाज खर्जातला येतो. दोन गोष्टी विकणारा सहसा सांगत नाही. एक, ही लोकर उष्णतेने झिजते आणि वाऱ्यावर जाते. आज गोड वाटणारा आवाज दोन वर्षांनी कर्कश होतो आणि लोकर पुन्हा भरून घ्यावी लागते. दुसरी, शेवटच्या तोंडाशी आवाज कमी करणारी एक सुटी नळी बसवलेली असते, जिला सगळे 'डीबी किलर' म्हणतात. ती एका स्क्रूवर असते. दुकानात ती लावून दाखवतात, घराच्या कोपऱ्यावर ती निघते. सगळा वाद पुष्कळदा त्या एका स्क्रूचा असतो.

कायद्याने १७५ सीसीवरील मोटारसायकलीसाठी आवाजाची मर्यादा ८० डेसिबल ठरवली आहे. गाडी वेग घेत जात असताना साडेसात मीटर अंतरावर मापकयंत्र ठेवून ती मोजतात. डेसिबलचे गणित व्याजासारखे सरळ नाही, चक्रवाढीहूनही अवघड आहे. ८० वरून ९० म्हणजे अष्टमांश वाढ नव्हे. ध्वनीची ऊर्जा दहापट होते आणि कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की सहा डेसिबल कमी होतात. साडेसात मीटरवर ९० असेल तर पंधरा मीटरवर ८४, तीसवर ७८ आणि साठ मीटरवर, म्हणजे गल्लीच्या दुसऱ्या टोकाशी, ७२. निवासी भागासाठी ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत दिवसा ५५ आणि रात्री ४५ अशी मर्यादा आहे. ती ठराविक काळाची सरासरी असते हे खरे. तरी रात्री अकराला दुकान आवरून येणारी गाडी गल्लीच्या टोकावरच्या खोलीत काय घेऊन जाते, याचा अंदाज या दोन आकड्यांवरून येतो. शिवाय जुन्या पेठांत दोन्ही बाजूंच्या भिंती आवाज परत फेकतात. तेथे तो या हिशोबापेक्षाही सावकाश मावळतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. सायलेन्सरचे तोंड मागे असते, चालवणारा पुढे बसतो आणि त्याच्या कानांवर हेल्मेट असते. ज्याने पैसे दिले त्याला तो आवाज सर्वांत कमी ऐकू येतो. ज्यांनी काहीच घेतलेले नाही, म्हणजे वरच्या मजल्यावरचे हृदयविकाराचे रुग्ण, दहावीच्या अभ्यासाला पहाटे उठलेली मुलगी, पाळण्यातले बाळ, त्यांच्या वाट्याला तो पुरा येतो. कोणत्याही जमाखर्चात अशी नोंद सापडली तर हिशेबनीस ती बाजूला काढून विचारील, हा खर्च कोणाच्या नावे टाकायचा?

गाडी कोणाच्या नावावर?

या विषयाची जी बाजू घरात बोलली जात नाही ती हीच. मुलगा वीस-बावीस वर्षांचा असतो. गाडी वडिलांच्या नावावर किंवा पेढीच्या नावावर घेतलेली असते. (३५० सीसीवरील गाड्यांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी आहे, आणि पेढीच्या नावे घेतली तरी अशा वाहनावरील कराचे क्रेडिट सर्वसाधारण व्यापाऱ्याला मिळत नाही, हे चार्टर्ड अकाउंटंटला विचारून घेतलेले बरे.) मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने मूळ ठरवलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये अनधिकृत बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. कलम १९०(२) आवाज व धुराच्या मानकांविषयी आहे : पहिल्याच गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि तीन महिने लायसन्स अपात्र. त्या कलमाचे शब्द नीट वाचावेत. ते केवळ चालवणाऱ्याला लागू नाही. चालवू देणाऱ्यालाही लागू आहे. 'मुलाने केले, मला कल्पना नव्हती' हे उत्तर ज्याच्या सहीने गाडी नोंदली गेली त्याला फारसे उपयोगी पडत नाही.

दंड भरून माणूस मोकळा होतो. विम्याचे तसे नाही. विमा कंपनीला न कळवता केलेला बदल दाव्याच्या वेळी वादाचा मुद्दा ठरू शकतो, आणि वाद नेमका अपघातानंतरच्या आठवड्यात, रुग्णालयाच्या बाकावर बसून घालावा लागतो. इंजिनाची वॉरंटीही अशा बदलाने धोक्यात येते. राज्यातील अनेक शहरांत पोलिसांनी जप्त केलेल्या सायलेन्सरांच्या रांगा मांडून त्यांवरून रोडरोलर फिरवलेला आहे. त्या रांगेत चाळीस हजारांचा आणि चार हजारांचा सायलेन्सर शेजारीशेजारी असतो आणि रोडरोलर दोघांत भेद करत नाही.

युरोपात यावर एक व्यवस्था आहे. तेथे बदलीच्या सायलेन्सरला स्वतंत्र चाचणीतून जावे लागते आणि उत्तीर्ण झाल्यास त्यावर वर्तुळातील 'ई' हे अक्षर आणि क्रमांक कोरलेला असतो. इंग्लंडमध्ये 'रस्त्यावर वापरण्यासाठी नाही' असे लिहिलेला सायलेन्सर लावून गाडी वार्षिक तपासणीस नेली तर ती नापास होते. आयात केलेल्या जोडीवर ती ई-खूण असेल तर निदान एवढे कळते की डीबी किलर जागेवर असताना कोणीतरी तिचा आवाज मोजला आहे. भारतीय कायद्यापुढे ती खूण परवाना ठरत नाही, तरी खूण नसलेल्या मालापेक्षा ती बरी.

तेव्हा तुलना कशी लागते? ज्याला ताकद हवी त्याने नळी बदलण्याऐवजी कारखान्यातूनच दोनातून एक रचनेची गाडी घ्यावी. तिचा आवाज, धूर आणि वॉरंटी यांचा भार उत्पादकाने उचललेला असतो. ज्याला हलकेपणा हवा त्याला स्टेनलेसचा स्लिप-ऑन पुरतो. फुल सिस्टीमचा नाद करू नये, कारण तेथे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जातो आणि मागून तक्ता बदलण्याचा खर्च येतो. पण स्लिप-ऑनचीही खरी परीक्षा दुकानातील रेझ मारून होत नाही. डीबी किलर लावून, गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी करून, वडिलांनी घरातल्या सर्वांत आतल्या खोलीत बसून ती ऐकावी. मर्यादेत आहे असा चाचणीचा कागद विक्रेता देत नसेल तर सौदा तेथेच थांबवावा. आणि ज्याला नुसता आवाज हवा आहे, त्याला मूळ सायलेन्सरवरच बसवून पहाटे माळशेज किंवा आंबोली घाटात पाठवावे. कातळाच्या कडेने तिसऱ्या गिअरमध्ये चढताना तोच २७० अंशांचा ठेका डोंगर त्याला परत ऐकवतो.

तरीही बदल झालाच, तर काढलेली जोडी भंगारात देऊ नये. गॅरेजवाला ती 'ठेवून घेतो' म्हणाला तरी ठेवू देऊ नये. आतले पाणी निथळू देऊन, दोन्ही तोंडांना कापडाचे बोळे लावून, जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर आडवी ठेवावी. तिचे क्लॅम्प, नट-बोल्ट एका पाकिटात घालून त्यावर गाडीचा नंबर लिहावा. जोडताना गॅस्केट नवे लागते, तेवढे आणून ठेवावे. चार-पाच वर्षांनी गाडी विकायला काढली की जाणता गिऱ्हाईक टाकी, टायर, किलोमीटर पाहून झाल्यावर खाली वाकतो आणि पहिला प्रश्न हाच विचारतो : "ओरिजिनल सायलेन्सर आहेत ना?"